एकवीसशे तेहतीस

त्बिलिसी स्टेशनसमोरच्या भुयारी वाटेत
चौथा गाळा अंझोरचा.
उजवीकडे मोजेवाली, डावीकडे चाव्या करणारा,
मधे आम्ही, पोट उघडून पडलेली कॉम्प्युटरं
आणि चहाच्या डब्यात स्क्रू.

लमाराबाई आल्या त्या तरातरा.
कापडी पिशवीतून यंत्र काढलं, रुमालातून एक हिरवी पट्टी.
"यंत्र माझं. आतली मेमरी बत्तीसशेची.
ही तेंगिझची, चोवीसशेची.
तो आताशा उघडतच नाही त्याचं,
हात थरथरतो, माउस पळतो.
माझ्यात बसेल का ही?
शिकवताना जर्मन क्रियापदं तोंडातच गोठतात माझी,
पोरं पडद्यापलीकडे ताटकळतात."

अंझोरनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.
"बसेल. खाच जुळतेय.
पण तुमची पळणारी आहे, बाई.
ही शेजारी आली की तुमचीही हिच्याच चालीनं जाणार.
हळूचा वेग वाढत नसतो."

"एक्केचाळीस वर्षं तेच चाललंय," त्या म्हणाल्या. "घाला."

मागे जिन्यावर काठी वाजली.
एकदा. मग बऱ्याच वेळानं पुन्हा.

मी शिकाऊ. माझ्याकडे खोडरबर.
पट्टीचे सोनेरी दात हळूच घासायचे,
चुकलेली बेरीज पुसावी तसे,
आणि फुंकर मारायची नाही, काही झालं तरी
(पहिल्याच दिवशी मारली होती, बोलणी खाल्ली होती).
मग अंगठे दोन्ही टोकांना,
टक, आणि टक.

बटण दाबलं.
पंखा फिरला, थांबला. फिरला, थांबला.
पडदा काळा ठिक्कर
आणि पोटातून तीन लांब शिट्ट्या.
"सुटली का तुमची गाडी?" मोजेवाली म्हणाली.

अंझोर शिव्या देत नाही, जागा बदलतो.
हिची तिला, तिची हिला.
या वेळी उजेड आला. चोवीसशे.
बाई टाळी वाजवणार तेवढ्यात
चाचणीत एक लाल ओळ.
मग दुसरी. मग रांगच.
कुठेतरी कोट्यवधी घरांतल्या एका घरात
शून्य ठेवलं होतं, एक निघालं.

मी म्हटलं, "चोवीसशे तर दोघींना जमतं.
मग चुकतंय कोण?"
"कोणीच नाही.
एकेकटी चालव, दोन्ही चोख.
एक बोलण्याआधी जरा थांबते,
दुसरी तेवढ्यात बोलून मोकळी.
भांडण वेगाचं नसतंच नेहमी,
कधी कधी नुसतं श्वासाचं असतं."

त्यानं स्वतःच्या हातानं आकडा उतरवला,
एकवीसशे तेहतीस.
आणि मधला विराम एका घरानं वाढवला.

बाई वाकून बघत होत्या.
"हा तर कुठल्याच लेबलावर नाही.
म्हणजे माझं गेलंच, त्याचंही गेलं?"
"गेलं," अंझोर म्हणाला.
"जागा मात्र दुप्पट झाली."

यावर त्या काही बोलल्या नाहीत.
पर्सचा बंद उघडला, लावला, उघडला.

चाचणी चालू राहिली. चहा निवला.
काठी शेवटच्या पायरीवरून फरशीवर आली
आणि आवाज बदलला.
लोकरी टोपी, काखेत गरम पावाची लांब गुंडाळी,
"झालं का?" तेंगिझ.
"अजून नाही," म्हणत बाईंनी स्टूल सोडलं.
त्यानं पाव मोडला, चौघांत,
मोजेवालीलाही द्यायला लावला.

चाळीस मिनिटांनी हिरवी अक्षरं:
त्रुटी शून्य.
अंझोरनं पैसे मोजले, दोन लारी परत केल्या, का ते सांगितलं नाही.

यंत्र मी उचललं, वर टॅक्सीपर्यंत.
लमाराबाई सवयीनं
एका दमात तीन पायऱ्या चढल्या,
थबकल्या,
दोन उतरल्या.
मग काठी, मग त्या, मग काठी.
मी मागे, यंत्र पोटाशी धरून,
आणि माझ्याही मागे
कुणी घाईतला माणूस
सारखा घड्याळ बघत होता.