तोंडचं पाणी

मोयनाक, मार्च महिना. दवाखान्याच्या खिडकीला
ओली चादर लावलीय, तरी मीठ आत येतंच.
टेबलावर बोट फिरवलं की रेघ,
बोट चाटलं की खारट.

जल्गस, वय नऊ. खुर्चीत पाय लोंबकळतात.
मी त्याला मेणाची बेचव गोळी देते.
चघळ. गिळू नकोस. येईल ते या नळीत.
तो उंटासारखा चघळतो, डोळे अर्धे मिटून,
आणि मध्येच विचारतो, थुंकलं तर चालेल ना?
शाळेत कान पिळतात.
इथे मागून घेतात, मी म्हणते.

पाच मिनिटं. नळीत फेसासकट
जेमतेम दोन रेघा.
बाकावरच्या सर्बिनाझनं, त्याच्या बहिणीनं,
कुणी न सांगता दुसरी नळी उचलली होती.
तिची पाचाच्या वर गेली.
"माझ्यातली थोडी त्याला ओता," ती म्हणाली.

ओतता येत नाही, बाई.

निळा पंप छातीचं दार उघडतो
आणि जाता जाता
गालामागचे, जिभेखालचे झरे गप्प करतो.
रात्री नाक चोंदलेलं, तोंड उघडं.
कोरड पडली की उशाशी लाल सरबत,
घोट घोट, पहाटेपर्यंत.
दाढांच्या खोबणीत तपकिरी भोकं,
पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी कड,
पाणी मागे हटलं की काठावर राहते तशी.

नाही. समुद्राचं नाव मी काढणार नाही.
इथे येणारा प्रत्येकजण तेच काढतो,
गंजलेल्या बोटीपुढे उभा राहून फोटो घेतो
आणि निघून जातो.
ही लाळ आहे. हिला मोजायचं असतं.

पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही,
शब्दशः भिजत नाही, आणि तसाही नाही.
माझ्या कानाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणतो,
रात्री मी चोरून दोनदा जास्त ओढतो,
बाबांना सांगू नका.
बाबा समोरच बसलेत. पर्देबाय.
खाऱ्या पाण्यातून कोळंबीची अंडी गाळून गाळून
हात लालभडक सुजलेले.
त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.
इतकी रात्र एकटाच जागतोस?
एवढंच विचारलं, तेही त्याला नाही, जमिनीला.

मी नेहमीचं सांगते: पंप घेतला की चूळ भरायची.
दर वेळी.
"कुठल्या पाण्यानं?" ते विचारतात.
टँकर मंगळवारी येतो, शुक्रवारी येतो,
कधी शुक्रवारी येत नाही.
रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं.
पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला पान नव्हतं.
चहाला ठेवता ना? ठेवतो.
मग चहात साखर पडायच्या आधी
एक घोट त्याचा. कोमट.
ते बोटांवर मोजतात, दिवसाचे किती घोट होतील,
आणि मान हलवतात.

आज एक दाढ भरली. सहा राहिल्या.
जाताना बाहेरच्या धुळीत सर्बिनाझ थुंकली
आणि भावाला म्हणाली, आता तू.
तो बराच वेळ गाल आत ओढून उभा होता.
मग दोघं हसले, मग तो खोकला.

वहीत लिहिलं: जल्गस, दोन.
सर्बिनाझच्या नळीला वहीत रकाना नाही.
नळी धुवायला अर्धा पेला लागतो.
तो मी सकाळीच बाजूला काढून ठेवते, झाकून.