उसनी ऊब

मुहर्रकात जुलैची रात्र, अकरा वाजता छत्तीस,
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम,
आणि मी एसी सोळावर आणून
कपाटातून जाकिटं काढतो.
शेजारचा कुंजुमोन म्हणतो, केळुसकर, वीजबिल पाहिलंत?
पाहिलं. एक तारखेला पाहतो,
मग महिनाभर पाहत नाही.

नऊ आहेत.
मेंढीच्या कातड्याचं एक, आत लोकर,
कॉलर उभी केली की माणसाचं कासव.
एक घोड्याच्या चामड्याचं, कोपरांवर
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं.
एकाची चेन अर्ध्यावर अडते;
सूकातल्या गुल मुहम्मदनं तीनदा बदलली,
चौथ्यांदा म्हणाला, बाबा, आता घालू नका, नुसतं बघा.

इथल्या दमट हवेत चामड्यावर बुरशी येते,
पिठीसाखर भुरभुरल्यासारखी.
कोरड्या फडक्यानं पुसायची, सावलीत हवा द्यायची,
मग दोन बोटं तेल, गोल गोल,
बाळाची टाळू भरतात तसं.

लोक विचारतात, वैमानिक होतात?
छे. मी जमिनीवरचा.
चाकांना ठोकळे लावायचे, इंधनाची नळी ओढायची,
हातात दोन पेटते दंडुके धरून
विमानाला ये ये म्हणायचं,
गाय गोठ्यात घेतात तसं.
एकतीस वर्षं बोलावलं नि पाठवलं.
स्वतः बसलो ते दोन वर्षांतून एकदा,
मधल्या खुर्चीत, मांडीवर टँगचा डबा.

शहात्तरचा जानेवारी. शमाल सुटलेला,
तीन दिवस नुसता वारा आणि वाळू,
अंगात सुती ओव्हरॉल.
पहाटे तीनला मालवाहू विमान आलं.
प्रिचर्ड नावाचा कॅप्टन शिडी उतरला,
माझे दात वाजताना ऐकले असावेत त्यानं.
काही न बोलता जाकीट काढून
माझ्या खांद्यांवर टाकलं
आणि कागदांवर सह्या करायला गेला.

आतली ऊब त्याची होती.
तंबाखू, आणि कसल्याशा पेपरमिंटच्या गोळ्या.
थोरल्या भावाचे सदरे घालून मी वाढलो,
पण ते दांडीवरून काढलेले असायचे, गार.

मग घाई झाली. मी दंडुके हलवले,
त्यानं काचेतून अंगठा दाखवला,
विमान वळलं, गेलं,
आणि जाकीट माझ्याच अंगावर.

पुढच्या फेरीला देऊ म्हटलं.
पुढच्या फेरीला दुसराच कॅप्टन.
ऑफिसातल्या डिसूझाला विचारलं.
बदली झाली त्याची, कुठं ते ठाऊक नाही,
का रे, काही काम होतं?
मी म्हणालो, नाही, सहज.

त्या 'सहज'चं वजन चार किलो आहे.

एकच जाकीट खुंटीवर असलं
की येणारा-जाणारा विचारतो, कोणाचं?
म्हणून दुसरं घेतलं,
मनामाच्या जुन्या बाजारात, सात दिनारांना.
मग तिसरं.
लोक शौक म्हणाले, मीही म्हणू लागलो.
पुढे खरंच जडला.
खोट्यालाही रोज तेल लावलं
की चकाकी येतेच.

इंदुमती कुडाळहून फोनवर म्हणते,
येताना आणा हो सगळी,
शेतात बुजगावण्याला उपयोगी पडतील.

जानेवारीत दोन-चार रात्री पारा बारावर येतो.
तेव्हा ते पहिलं घालून
मी अरादच्या किल्ल्याजवळ समुद्राकाठी जातो.
जासिम असतो तिथं थर्मास घेऊन;
पूर्वी इंधनाची गाडी हाकायचा,
आता स्वतःचे गुडघे हाकतो.
विमान डोक्यावरून उतरू लागलं
की आमचं बोलणं थांबतं,
आणि माझे हात आपोआप वर जाऊ पाहतात.
मी ते खिशात दाबून धरतो.

कॉलरच्या आत शाईनं नाव आहे, पुसट.
तेवढ्या जागेला मी तेल लावत नाही.

काल जासिम चहा ओतता ओतता म्हणाला,
हे तुझ्या मापाचं नाही रे, खांद्यात केवढं मोठं आहे.

हो, म्हटलं,
वाढत्या अंगाचं घेतलंय.