दाराचं माप

आईला कुणी विचारलं, पोरगी काय करते,
तर ती म्हणते, फोनवर बोट फिरवते आणि लोक पैसे देतात.
दुसरा भाग अजून तितकासा खरा नाही.

किसुमूत, किबुये बाजारामागं,
जिन्याखालची जागा घेतली मी भाड्यानं:
एक टेबल, एक खुर्ची, दाराच्या जागी पडदा,
आणि डोक्यावर पावलं, दिवसभर, आपापल्या कामाला निघालेली.
बँकेतली नोकरी सोडली तेव्हा
मॅनेजर म्हणाला होता, अपोंदी, सल्ला फुकट मिळतो.
खरं होतं ते. पहिले चार महिने
मी फुकटच देत होते.

पहिलं गिऱ्हाईक सलून. फी म्हणून वेण्या घातल्या,
इतक्या घट्ट की दोन रात्री उशी टोचली.
दुसरी न्यांग्वेसो मावशी, तिलापिया विकणारी.
तिला सांगितलं, माशाचा डोळा फोटोत नीट यायला हवा.
ती म्हणाली, बाई, डोळाच तर बघून घेतात,
हे मला तू शिकवणार?
त्या दिवशी माझ्या वहीत पहिल्यांदा
मी दुसऱ्याचं सांगणं उतरवलं.

एक लबाडीही सांगून टाकते.
सरोवराकाठच्या एका हॉटेलवाल्याला
शुक्रवारपर्यंत दहा हजार फॉलोअर हवे होते.
मी विकत आणले.
बिनचेहऱ्याची माणसं, एकालाही भूक नाही.
गच्चीवरच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.
त्याचे पैसे मात्र वेळेवर आले.
त्या वर्षी तेवढेच वेळेवर आले.

मग ओगुटू आले. शवपेट्या करणारे.
टोपी हातात, भुशानं भुवया पिवळ्या.
म्हणाले, धंदा बसलाय. पलीकडचा पोरगा
चकाकत्या पेट्या टाकतो फोनवर, पितळी कड्यांच्या.
माझंही काही तरी कर.
मनात म्हटलं, शवपेटीला लाइक कोण करणार?
आणि केलंच कुणी, तर त्याचं काय करायचं?

तीन दिवस नुसती बसून राहिले त्यांच्या शेडमध्ये.
वीज गेली, आली, पुन्हा गेली.
एक बाई आली, बापाच्या पेटीसाठी.
ओगुटूंनी उंची विचारली नाही.
विचारलं, घराचं दार केवढं आहे?
ती दोन्ही हात पसरून उभी राहिली,
मग हात थोडे जवळ आणले.
आणि हात तसेच धरून रडली.

तिला मी दाखवलं नाही.
ओगुटूंची बोटं, रंधा, आणि तो एक प्रश्न,
एवढंच टाकलं. डेटा संपला,
फोन पालथा घालून झोपले.

सकाळी चाळीस हजार.
लोक दारं सांगत होते.
आमचं अरुंद होतं, खिडकीतून काढावं लागलं.
आमच्या चुलत्यानं वर्षभर आधीच रुंद करून घेतलं होतं,
आम्हाला वाटलं, सोफा आणतोय.
आणि नैरोबीतून कुणी तरी:
आमच्या घराला अजून दारच नाही,
हा माणूस दारं करतो का?

हा माणूस आता दारं करतो.
आठवड्याला पाच, कधी सहा. पेटी महिन्याला एखादी.
माझा असा काही बेत नव्हता.
नव्या गिऱ्हाइकांना मात्र मी सांगते, होता.

राहिलेली फी द्यायला
परवा ते जिन्याखाली आले, मोजपट्टी गळ्यात.
पैसे लाकडात अडकलेत, म्हणाले, दार देतो.
पडदा बाजूला केला. कानामागची पेन्सिल काढली.
यातून सगळ्यात मोठं काय बाहेर जायचंय?

वरून कुणी तरी उतरत होतं.
मी इकडं तिकडं पाहिलं. म्हटलं, टेबल.
त्यांनी आकडा लिहिला,
माझ्याकडं एकदा बघितलं,
आणि दोन इंच वाढवले.