दोर

हरिपुरात, बंद पडलेल्या पेवाच्या तोंडाशी आबा बसलेत.
दगडावर पुराची रेघ आहे अजून.
विचारतात, "मग दिवसभर तिथं मोजतोस काय?"

तांब्याचा तुकडा, नखाएवढा. हवा काढलेल्या भांड्यात टांगलेला.
त्यावर क्ष-किरण सोडायचे, ऊर्जा थोडी थोडी वाढवत.
एका ठरावीक आकड्याला अणूच्या तळघरातला इलेक्ट्रॉन उठतो.
त्याच्या जागी वरचा कुणी उतरतो,
त्या धक्क्यानं तिसराच बाहेर फेकला जातो,
आणि जाता जाता दहा-वीस जणांना ढकलतो.
"अडत्याच्या दारात सौद्याला असतंय तसं," आबा म्हणतात.
हो. पण किरण जातात खोल, निसटतात मात्र
वरच्या थरातलेच. खालचे आतच दमतात.

"वरचा थर म्हंजे केवढा?"
हळकुंड मोडल्यावर बोटाला पूड लागते ना,
तिच्या एका कणाचे हजार पापुद्रे काढा.
त्यातला अर्धा.
आबा बोटाकडं बघतात. पिवळं आहे, धंदा सुटला तरी.

कधी समोर जाळी धरतो, उणे दाबाची.
रेंगाळणारे परत फिरतात, जोरातले तेवढे पार होतात.
पण बरेचदा मी कुणालाच पकडत नाही.
तुकड्याच्या पाठीला तार बांधतो.
गेलेल्यांची तूट भरायला जमिनीतून जे वर येतात
ते मोजतो.

"दोर," आबा म्हणतात.

शिदाप्पा कोळेकर पेवात उतरायचा. दोर आबांच्या हातात.
पोतं भरलं की एक हिसका, दम कोंडला की दोन.
त्याआधी कंदील सोडायचा. विझला, तर त्या दिवशी उतरणं नाही.
मी सांगतो, खोलातलं हवं तर आम्हीही उजेडच बघतो,
रिकामी जागा भरताना कधीमधी सुटणारा.
तो खालूनसुद्धा वर पोचतो.
"उलटंच की. आमचा उजेड खाली जायचा."

मग बराच वेळ काही नाही. वारणेकडून वारा.
"एकदा हिसका आलाच न्हाई."
ओढलं?
"ओढलं की. वर आल्या आल्या बिडी मागितली भाड्यानं.
पण तवापास्नं मी वाट बघत बसलो न्हाई.
मधनंमधनं आपणच दोर ताणून बघायचा."

मंगळवारी पुन्हा प्रयोगशाळा. रात्री दोनला
पडद्यावरची रेघ सपाट होते, तेव्हा हात तारेकडं जातो.
तारेला हात लावू नये, असं फळ्यावर लिहिलंय.
अक्षर माझंच.