शेहेचाळीसचे घर

खोक्यावर छापलेले असते: वय वर्षे तीन आणि पुढे.
हे कोणी ठरवले, शिरसाट शेटना विचारले.
म्हणाले, टीचर, खोकी दिल्लीहून येतात,
मी फक्त धूळ झाडतो.

डिचोलीचा बुधवारचा बाजार.
बाहेर खाजें, मिरच्या, सुक्या बांगड्यांचा वास.
आत मी, आणि पालकांनी जमवलेले सहाशे चाळीस रुपये,
त्यात आंतोनच्या वडिलांची वीसची ओली नोट.

शेटनी व्यापार काढला. नको.
कागदी नोटांवरून गेल्या वर्षी पियुषा तन्वेशला चावली होती,
आणि घरभाडे म्हणजे काय ते मी समजावत बसले
अशा पोरांना, ज्यांना ती तारीख पाठ आहे.

लाकडी मासे, दोरीला गळ. देखणे.
पण मासा जिभेएवढा,
आणि माझ्याकडे एकजण आहे, तो जग चाखून बघतो.
लुडोची पिवळी सोंगटी त्याच्याच पोटात गेली असावी,
दोन दिवस आम्ही वाट पाहिली.

मग बारा पानी नियमांचे एक जाडजूड.
ह्याने बुद्धी वाढते, शेट म्हणाले.
म्हटले, वाढेपर्यंत पाऊण तास जाणार,
माझ्या वर्गात दर वीस मिनिटांनी कुणाची तरी चड्डी ओली होते.

माझे मोजमाप निराळे.
पहिल्या रडण्यापर्यंत किती वेळ मिळेल.
सोंगटी हरवली तर काजूची बी चालेल का.
जूनमध्ये पुठ्ठा फुगेल, बुरशी धरेल,
तरी आकडे दिसतील का.
आणि ज्याला वीसच्या पुढे येत नाही
त्याला ते सगळ्यांदेखत कळेल का.

राहता राहिली सापशिडी.
मला ती आवडत नाही.
अठ्ठ्याण्णववर तोंड उघडून बसलेला साप
पोराने काहीही केलेले नसताना गिळतो,
आणि मला म्हणावे लागते, असू दे, असू दे.
पण गेल्या वर्षी दुर्वांक
त्याच सापावरून बोट सावकाश शेपटीपर्यंत नेत म्हणाला,
'चावलो ना, टीचर. ताणें म्हाका घरा पावयलो.'
खाण बंद पडल्यापासून त्याचे बाबा घरीच असतात.
त्याला ते फार आवडते.

शेट म्हणाले, एक आहे, नव्वदला देतो, पण...
आणि पटावर बोट ठेवले.
शेहेचाळीसच्या घरात चौसष्ट छापलेले.
वर दोन ओळी सोडून चौसष्ट होतेच.
परत पाठवायचा राहून गेला, म्हणाले,
जणू त्यांनीच छापला होता.

तोच घेतला.
उरलेल्या पैशांत रंग, चटई,
आणि तोंडात मावणार नाही असा एक फासा.

मयेच्या आमच्या वर्गात तीन दिवस कुणाला दिसले नाही.
चौथ्या दिवशी सेलविना,
जिला सहा आणि नऊ अजून एकमेकांत मिसळतात,
पटावर पोट टेकून ओरडली,
'टीचर, हांगा चूक आसा!'
हा शब्द तिने तोवर फक्त ऐकला होता.

मग शेहेचाळीसचा शोध.
चटईखाली, डब्यांत, माझ्या पर्समध्ये.
तळ्यावर गेला असेल, आंतोन म्हणाला.
वीसच्या पुढे न येणारा
पंचेचाळीसपर्यंत मोजून येऊन थांबू लागला,
खात्री करायला, की अजून परतलेला नाही.

नियम त्यांनीच केला, मला न विचारता:
जो तिथे पडेल त्याने ठरवायचे,
आपण खाली आहोत की वर.

पियुषाने लगेच वर म्हटले. तन्वेशनेही.
काल दुर्वांक तिथे आला.
बराच वेळ दोन्ही चौसष्टांकडे बघत बसला.
मग फासा सेलविनाकडे सरकवला, म्हणाला,
'हांव हांगाच रावतां.'

घंटा झाली. मुले चपला शोधत पांगली.
पट मिटायला घेतला
आणि हात थांबला,
त्याची बी अजून तिथेच होती.