उंबरठा एकशे ऐंशी

ओस्त्रावात नोव्हेंबरचा दिवस चारलाच मावळतो.
आमच्या तळघरातल्या खोलीला त्याचं काही नाही,
इथे खिडकीच नाही.
दोन पडदे, एक गार झालेली कॉफी
आणि आडवा कापत नेलेला माणूस :
सहाशे बारा चकत्या,
काकडीचीही इतकी पातळ कुणी कापत नाही.

मी त्या पुन्हा एकावर एक रचते.
संगणकाला सांगते, एकशे ऐंशीच्या वर जे उजळ
ते रक्त समज.
उंबरठ्याखालचं सोड.
तो ऐकतो. मग मी हाडं पुसते, आतडी पुसते,
धमन्यांना लाल देते, शिरांना निळा,
गाठीला पिवळा.
पिवळाच का, ते या खुर्चीत माझ्याआधी बसणाऱ्या
व्लास्तालाच ठाऊक.

ओल्द्रिख कुबाला, वय एकसष्ट.
उजवं मूत्रपिंड जन्मापासून सुक्या जर्दाळूएवढं.
डावं धडधाकट,
आणि नेमकं त्याच्याच कुशीत
साडेतीन सेंटिमीटरचं पिवळं बिऱ्हाड.

डॉक्टर हावेल्कोवा रुग्णाला आकृती दाखवल्याशिवाय
चाकू हातात घेत नाहीत.
म्हणून कुबाला खाली आले. गुडघ्यावर टोपी,
नखांत तीस वर्षांचं ग्रीस :
शहरभर गरम पाणी फिरवणाऱ्या नळांवर
त्यांची सगळी नोकरी गेली.
मी आकृती फिरवली.
"आम्ही याला झाड म्हणतो."
"झाड?" ते हसले. "झाडाला परतीचा पाइप नसतो, बाई."
मग म्हणाले, "ते औषध शिरेत सोडलंत ना,
तेव्हा अंगभर ऊब सरकत गेली.
ऑक्टोबरात आम्ही पहिला व्हॉल्व्ह उघडतो, तश्शी.
पाचव्या मजल्यावरची म्हातारी मग फोन करते,
आलं हो, आलं."

डॉक्टर सांगत होत्या,
मुख्य नळ मी बंद करणार नाही.
गाठीकडे जाणारी एवढीच शाखा चिमट्यात धरीन,
बाकीचं मूत्रपिंड पीत राहील.
कुबाला मान हलवत होते, पण ऐकत नव्हते.
नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं.
"ही इथे संपते?"

गाठीच्या पाठीमागे, वरच्या टोकाला
केसाएवढा लाल खुंट.
"तो गोंगाट आहे," मी म्हटलं. "पुसायचा राहिला."
"पाइप असा अधांतरी संपत नाही.
एक तर कुणी टोपण लावलेलं असतं,
नाहीतर तो पुढे जातो.
याला टोपण कुणी लावलंय?"
मग हळूच, स्वतःशीच,
"कुठंतरी पाणी मुरतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
ओरडल्या नाहीत, तेच जड गेलं.

उंबरठा खाली आणला. एकशे साठ. एकशे चाळीस.
आधी नुसती धूळ आत आली,
लाल, भुरभुर, सगळ्या पोटभर.
एकशे पंचवीसला
खुंटाला शेपूट फुटलं,
लांबलं,
थेट महाधमनीला जाऊन भिडलं :
पुढचं दार चुकवून
परसातून आत शिरलेली दुसरी वाट.
बिऱ्हाडाने चोरून घेतलेलं
नळाचं कनेक्शन.

कुबालांनी टोपी घातली.
"लिफ्ट कुठल्या बाजूला?"

दोन चिमटे लागले, एकोणीस मिनिटं.
हे मला वरून फोनवर कळलं.
मी तेव्हा दुसऱ्याच कुणाची हाडं पुसत होते.
गाठीचा अहवाल अजून यायचा आहे.

हल्ली मी एकशे ऐंशीला थांबत नाही.
धूळ येते. तास-दोन तास
एकेक कण हाताने वेचावा लागतो,
कुठला रक्ताचा, कुठला कशाचाच नाही.
व्लास्ता असती तर म्हणाली असती,
पोरी, शेवटची ट्राम चुकेल.
चुकते कधीकधी.