जोडरेघ

नवरतन बागेतल्या ऑफिसात
खिडकीत कूलर, कूलरच्या जाळीत वाळलेलं गवत
आणि माझ्या टेबलावर विंध्य.
दीड हात लांब, पाऊण हात रुंद,
चहाच्या कपाच्या गोल डागासकट.

साहेब म्हणाले, लिखितेबाई, ठिपके जोडा.
ठिपके म्हणजे राखलेली रानं.
रालामंडळ, शहर अंगावर आलेलं, एवढंसं,
बोटांतून सांडलेल्या रांगोळीच्या चिमटीएवढं;
खाली चोरलचे कडे,
पूर्वेला खिवनी,
मग नर्मदा, आणि पलीकडे
सातपुड्याचा गडद पट्टा.
ठिपके जोडायला आईनं शिकवलं होतं,
चुकलं तर तळहाताच्या कडेनं पुसायचं.
इथं पुसायला आधी तहसीलदार लागतो.

गेंदालाल बारेला, बीटवरचा गार्ड,
नकाशाकडे बघतच नाही.
मॅडम, म्हणतो, जनावर कागदावरून नाही चालत,
नाल्यानाल्यानं चालतं,
वैशाखात जिथं ओल, तिथून.
पिल्लू मोठं झालं की आईच हाकलते त्याला.
तेव्हा ते सरळ नाही जात.
एक झुडूप. मग एक झुडूप.
मग थांबतं.

मला आत्याच्या वहीतली वंशावळ आठवली, शाई फुटलेली.
साताऱ्याखालचा कुणी बाळंभट
फौजेच्या मागे दाणावैरणीचा हिशेब लिहीत निघाला.
बऱ्हाणपुरात एक पाऊसकाळ,
नर्मदेच्या वाळवंटात एका मुलाचं बारसं,
महेश्वरात चूल, दोन पिढ्या,
मग घाट चढून इंदूर.
उडत नव्हते आले ते.
मुक्काम होते, म्हणून पोचले.
त्यातला एक जरी कुणी बुजवला असता
तर मी आज ही मराठी
अशी, एक पाय हिंदीत ठेवून,
बोलत नसते.

रेघ ओढली. साडेतीनशे मीटर रुंद, फिकट हिरवी.
चोरलकडून वर येताना
खंडवा रोडखाली एका मोरीतून जाते,
तिथला सर्व्हे नंबर ओळखीचा वाटला.
दोनशे बारा, बटे तीन.
भावाचा प्लॉट.

पमू म्हणाला, ताई, हे काय करून राहिली तू?
चार लाखांची तर नुसती भिंत आहे.
वाघोबाला म्हणावं, मेन रोडनं जा.
हसला.
मग हसला नाही.
भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं,
तबकात पाकीट ठेवत हळूच विचारलं,
रेघ जराशी सरकते का?

सरकते ना. पेन्सिलीचीच आहे.
डावीकडे सरकवली तर गिट्टीची खाण,
उजवीकडे कॉलेज, त्याचं हॉस्टेल, हॉस्टेलचे दिवे.
मधे तू, पमू.
जमीन नको विकूस.
हे पाकीट घे परत,
नाल्याकडच्या भिंतीत बारा हातांची फट ठेव,
आणि तिथला दिवा
रात्री मालवत जा.

बराच वेळ तो निरांजनाकडे बघत बसला.
करंजी न खाता गेला.

फट ठेवली त्यानं. बारा नाही, सात हात.
गेंदालालनं मोरीच्या तोंडाशी कॅमेरा बांधला.
तीन महिन्यांत:
कुत्री, एकशे चौदा वेळा.
एक साळिंदर.
दोन दारुडे, एकमेकांना सावरत.
एकदा पमू स्वतः, हातात बॅटरी,
गुडघ्यांवर हात टेकून आत डोकावताना.

आणि माघात एका पहाटे,
चार वाजून अकरा मिनिटं,
चौकटीच्या कडेला शेपटीचं टोक.
नुसतं टोक.

कुत्रं असेल, साहेब म्हणाले.
गेंदालाल काही बोलला नाही.
फोटो त्यानं आडवा धरला, उभा धरला,
माझ्या टेबलावर ठेवला, बरोबर त्या मोरीवर,
आणि कॅमेऱ्याचे सेल बदलायला
निघून गेला.